हाडवैद्याचा पडणारा मुलगा

आ-हिनची पाठ तुम्ही नक्की पाहिली असेल. आमच्या हाँगकाँगच्या सिनेमात हिरो तिसऱ्या मजल्यावरून ताडपत्रीवर पडतो, ताडपत्री फाटून भाजीच्या गाडीवर, आणि गाडीवरून गडगडत रस्त्यावर. तो पडणारा सगळा आ-हिन. मग कॅमेरा समोर येतो, हिरो केसांतला कोबी काढत उठतो आणि पोरींकडे पाहून डोळा मारतो. तो डोळा तेवढा क्यू लाँग-फेयचा. त्या काळात क्यू म्हणजे मोठं प्रस्थ. त्याच्या नावावर थिएटरं भरायची. पाठीचं नाव कुणी विचारत नाही.

मी त्या कंपनीत चहा द्यायचे. दूध घातलेला कडक चहा, दुपारी भाताचे डबे, आणि ज्याला लागलं त्याला बर्फ. सगळे मला फाँग मावशी म्हणायचे, माझ्याहून म्हातारे लाइटवालेसुद्धा, आणि मला त्याचा राग यायचा. फक्त आ-हिनने म्हटलं की राग येत नसे. तो पडला की उठायचा, कपडे झटकायचा, पून मास्तरकडे बघून विचारायचा, "मास्तर, बरोबर आलं का?" हा पून मास्तर म्हणजे आमचा फाइट मास्तर, सगळ्या मारामाऱ्या बसवणारा. तो मान हलवायचा, कधी आडवी, कधी उभी. आडवी हलवली की हिन पुन्हा वर चढायचा. तोंडातून हूं नाही की चूं नाही. मीच इकडे शिव्या घालत असायचे.

टोप आणि मिशी लावली की तो हुबेहूब क्यू दिसायचा. क्यूला ते मुळीच खपायचं नाही. जेवताना हिनने मिशी उतरवून बसायचं, असा त्याचा हुकूम होता. एकदा शहरातल्या माँगकॉक भागात आम्ही नूडल खायला गेलो तर तिथलं लग्नाचं वऱ्हाड हिनला क्यू समजून धावून आलं. नवरीने त्याला आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये उभं केलं. हा आपला उभा राहिला. फोटोत तोंड मिटून का होतास म्हणून विचारलं तर म्हणाला, "क्यूदादांचा एक दात सोन्याचा आहे, मावशी. हसलो असतो तर बिचाऱ्यांचा फोटो फुकट गेला असता." असा माणूस. याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याचं मूळ गाव च्युंग चाव बेट. बंदरामागच्या गल्लीत त्याच्या वडिलांचं हाडवैद्याचं दुकान. आई हिन लहान असतानाच गेली. बापाने एकट्याने वाढवला, काळं मलम घोटायला शिकवलं, मुरगळलेला पाय कसा धरायचा ते शिकवलं. चेंग हाडवैद्याच्या हाताला यश आहे असं बेटावरचे कोळी सांगायचे, आणि हे यश पुढे पोराच्या हातात जाणार हे बापाने धरूनच ठेवलं होतं. तेवढ्यात बेटावर एक सिनेमा कंपनी आली. पोरगं देवळाच्या छपरावरून उड्या मारणाऱ्या लोकांकडे बघत बसलं आणि कंपनी गेली तेव्हा तिच्याबरोबर गेलं.

जाण्याआधी सांगायला गेला होता. तेव्हा बाप म्हणाला, "लोक पडतात म्हणून मी पोट भरतो. तू पोट भरायला पडणार? जा. पण मोडलेलं हाड घेऊन माझ्या दारात यायचं नाही. त्या हाडाला मी हात लावणार नाही." त्यानंतर बाप त्याच्याशी बोलला नाही. दर नवीन वर्षाला हिन नवा शर्ट घालून बोटीने बेटावर जायचा, संत्र्यांची पिशवी दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि "बाबा, नवीन वर्ष सुखाचं जावो" म्हणून उभा राहायचा. म्हातारा मलम घोटत राहायचा. मान वर करायचा नाही. थोड्या वेळाने हिन परतीची बोट पकडायचा.

एकदा मी त्याला म्हटलं, "कशाला जातोस रे थोबाड रंगवून घ्यायला?"

"थोबाड रंगवलं असतं तर बरं झालं असतं, मावशी," तो म्हणाला. "एकदा काहीतरी बोलले पाहिजेत. शिवी दिली तरी चालेल." पुढे म्हणाला, "सत्तरी उलटली त्यांची. न बोलता गेले तर मी काय करू?" एवढं बोलून तो दोर बांधायला निघून गेला. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. बाकी सगळ्या गोष्टींवर तो हसायचा, या एका गोष्टीवर नाही.

तर त्या वर्षी आमच्या सित डायरेक्टरने एक भन्नाट गोष्ट काढली. एक मोठा गुंड मरतो. एक गरीब नूडलवाला दिसायला अगदी त्याच्यासारखा. गुंडाची माणसं नूडलवाल्याला आपला मालक समजतात, शत्रू त्याला भूत समजतात, पोलिस दोन्ही समजतात, आणि नूडलवाल्याला आपल्याला कोण काय समजतंय याचाच पत्ता नसतो. जो तो त्याच्या मागे, आणि पळता भुई थोडी. मयताच्या मंडपात हाणामारी होते आणि लपायला जागा नाही म्हणून नूडलवाला शवपेटीत जाऊन पडतो. कथा ऐकून मी हसून हसून चहा सांडला होता. शहरातली मयताची सभागृहं असल्या थट्टेला जागा देईनात, म्हणून कंपनीने च्युंग चावला जुन्या बोटी बांधायची शेड भाड्याने घेतली. हिनचं गाव. बोट बेटाला लागली तेव्हा तो सगळ्यात शेवटी उतरला.

आता अडचण आली फोटोची. मंडपात मेलेल्या गुंडाचा मोठा फोटो हवा, आणि तो हिरोसारखाच दिसायला हवा, नाहीतर गोष्टच उभी राहत नाही. क्यूने चक्क नकार दिला. "जिवंत माणसाचा फोटो उदबत्त्यांच्या मागे? माझ्या आईने ऐकलं तर ती तुमची शवपेटी आणेल," म्हणाला. यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्यात कुणीच तयार होत नाही. पडद्यावर नुसतं मेलं तरी माणसाला लाल पाकिटात पैसे द्यावे लागतात, अपशकुन उतरावा म्हणून. फोटो ही तर फारच मोठी गोष्ट. शेवटी सगळ्यांच्या नजरा हिनकडे वळल्या. त्याने पाकीट घेतलं, खिशात घातलं आणि मला म्हणाला, "इतक्या वर्षांनी पडद्यावर तोंड येतंय माझं. मेलेलं तर मेलेलं." टोप आणि मिशी लावून त्याचा फोटो काढला. पण सितसाहेबाला मिशी पसंत पडेना, गुंड तरुण दिसावा म्हणे, म्हणून मिशी काढून दुसरा काढला. झालं काय, की फोटो क्यूसारखा दिसत होता खरा, पण हिनला लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला तो हिनच दिसला असता. हे तेव्हा कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

फोटोवर लाल फडकं घालून ठेवायचं, कॅमेरा सुरू होताना काढायचं, थांबला की पुन्हा घालायचं. हे काम मी मागून घेतलं होतं. सेटचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्या पोरांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून समुद्रावरून वारा सुटला होता. शेडमध्ये पांढरे कंदील, कागदी घोडे, निळी फुलं, आणि पांढरे कपडे घातलेले आमचे फाइटर बाकांवर बसून भाताचे डबे खात होते. क्यू मध्ये बसून नंतरच्या शॉटसाठी रडण्याचा सराव करत होता. त्याला रडायला वेळ लागतो. मी चहाची किटली भरायला बाहेर गेले, तेवढ्यात वाऱ्याने फडकं उडवलं. आणि नेमकी तेव्हाच खारी मासळी विकणारी हो नावाची बाई डोकावली. आ-हिनच्या शेजारची, त्याला कडेवर खेळवलेली.

सिनेमावाले आलेत हे अख्ख्या बेटाला माहीत होतं, तिलाही. पण तिने फोटो पाहिला, बिनफडक्याचा, समोर उदबत्त्या पेटलेल्या. जिवंत माणसाचा फोटो तिथे कोण ठेवतो? कुणी ठेवत नाही. म्हणजे पोरगा खरंच गेला. पडण्याचाच तर धंदा त्याचा. आणि कॅमेरे, दिवे, एवढी माणसं? सिनेमावाल्याचं मयत आहे, सिनेमावाले येणारच. वर क्यू लाँग-फेय स्वतः बसून रडतोय, तो काय उगाच रडेल? बाईने हे सगळं मनाशी जुळवलं आणि ती मासळीची टोपली तिथेच टाकून म्हाताऱ्याच्या दुकानाकडे पळाली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते.

म्हाताऱ्याला तिने हेही सांगितलं, की तुम्ही जाऊ नका. आमच्यात बाप पोराच्या मयताला जात नाही. वडीलधाऱ्याने धाकट्यापुढे वाकायचं नसतं, घरी बसून राहायचं. पण या बेटावरच्या जुन्या घरांत आणखी एक चाल आहे. बापाच्या आधी पोरगा गेला, तर बापाने यायचं, काठीने शवपेटीवर तीनदा मारायचं आणि निघून जायचं. बापाला मागे टाकून जाणं हे फार मोठं पाप, ते पोराच्या मानेवर राहू नये म्हणून त्याची शिक्षा इथेच देऊन टाकायची. मारलं की फिटलं. दिसायला मारणं, पण ती क्षमाच असते. चेंग हाडवैद्याने दुकानाची फळी लावली आणि काठी घेतली.

इकडे शॉटची तयारी झाली होती. हिन शवपेटीत झोपला होता. व्हिलनने आत येऊन पेटीवर काठीने तीनदा ठोकायचं, तिसऱ्या ठोक्याला हिनने झाकण फोडून उसळी मारायची, आणि मग बाकांवरच्या फाइटरांनी तुटून पडायचं. झाकण मधोमध कापून ठेवलं होतं, कडेच्या खुंट्या तेवढ्या काढायच्या होत्या. एका बाजूच्या काढून झाल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या काढणारा पोरगा हातोडी शोधायला गेला होता. व्हिलन माझ्याजवळ उभा राहून अननसाचा पाव चहात बुडवत होता. मी फोटोवरचं फडकं शोधत होते. कॅमेऱ्यावाल्याने फोकस बघायला म्हणून कॅमेरा चालू केला.

आणि दारातून म्हातारा आला. काळे कपडे, पांढरे केस, ताठ मान. कुणाकडे न बघता सरळ पेटीकडे चालत गेला.

सितसाहेबाला वाटलं, हा पून मास्तरने आणलेला कुणी जुना नट. पून मास्तरला वाटलं, साहेबांनी आयत्या वेळी व्हिलन बदलला. व्हिलनला वाटलं आपलं काम कापलं, आणि तो निवांत पाव खाऊ लागला. थांबवणार कोण? शिवाय त्याचं चालणं असं, की साहेब खुर्चीतून अर्धा उठला आणि दबक्या आवाजात कॅमेऱ्यावाल्याला म्हणाला, "घे, घे."

आता हे लक्षात घ्या, की आमच्याकडे शूटिंगच्या वेळी आवाज घेत नाहीत. आवाज सगळा नंतर भरतात. त्यामुळे सेटवर कोण काय बोलतं याकडे कुणाचं लक्ष नसतं. कुणी संवाद विसरला तर आकडे मोजतो, कुणी जेवणाचं बोलतो, तोंड हललं की झालं. म्हातारा बोलत होता ते तिथे कुणीच ऐकलं नाही. मी फोटोच्या मागे होते, म्हणून मी ऐकलं.

त्याने पेटीवर हात ठेवला. म्हणाला, "हिन, बापाच्या आधी गेलास. हा त्याबद्दल." आणि काठी मारली.

"इतकी वर्षं संत्री ठेवून जायचास. बापाला ओढून बाहेर काढायचं होतंस. तेवढी हिंमत केली नाहीस, हा त्याबद्दल." दुसरी मारली.

मग काठी वर धरली. "तिसरी माझ्या तोंडाबद्दल," म्हणाला. "ती मला बसायला हवी. पण मला मारायला घरात कुणी उरलं नाही." आणि तिसरी मारली.

मी हाक मारायला तोंड उघडलं, पण तिसरा ठोका पडला होता, आणि तिसऱ्या ठोक्याला उसळायचं हे हिनच्या हाडामांसात भिनलेलं. एका बाजूच्या खुंट्या तशाच होत्या. झाकण अर्धं उडालं, अर्धं अडलं, त्याचा डावा खांदा त्यात सापडला, आणि तो तुकड्यांसकट बाहेर येऊन बापाच्या पुढ्यात उभा राहिला. नंतर मला म्हणाला, आत बाबांचा आवाज आल्यासारखं वाटलं, पण कोंदट हवेने भास होत असेल म्हणून गप्प पडून राहिलो.

दुसऱ्या कुणाचं काळीज बंद पडलं असतं. म्हाताऱ्याने त्याला वरून खाली पाहिलं. मग फोटो पाहिला, मग दिवे, मग क्यू लाँग-फेयचे खोटे अश्रू. त्याच्या डोक्यात प्रकाश पडलेला मला दिसला. आणि त्याने काठी उचलली ती पोराच्या ढुंगणावर हाणली.

झालं. म्हाताऱ्याने हल्ला केला, म्हणजे मारामारी सुरू. आमचे फाइटर बाकांवरून उठले आणि ठरल्याप्रमाणे तुटून पडले. हिन एका हाताने त्यांना अडवत ओरडत होता, "हात लावू नका, हे माझे वडील आहेत." फाइटरांना वाटलं, वा, काय छान तोंड हलवतोय. आणि आमच्या पोरांना एक सवय. समोरच्याने काठी फिरवली की पडायचं. लागो न लागो. म्हाताऱ्याने एकाकडे काठी फिरवली, तो कोलांटी खाऊन कागदी घोड्यावर गेला. दुसऱ्याकडे नुसती रोखली, तो कंदील घेऊन आडवा झाला. म्हातारा क्षणभर आपल्या काठीकडेच बघत राहिला. आयुष्यभर लोकांची हाडं जोडत आला होता, आपल्या हातात एवढं बळ आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार? मग त्यालाही जोर चढला. तो हिनच्या मागे, हिन पेटीभोवती, फाइटर दोघांच्या मागे, आणि काठी जाईल तिथे माणूस उडतोय. क्यू फुलांच्या आड लपला होता. सितसाहेब खुर्चीवर उभा राहून आनंदाने मांड्या बडवत होता. ते सगळं सिनेमात तसंच ठेवलंय. लोक अजून त्या म्हाताऱ्यावर पोट धरून हसतात. मला तो भाग बघवत नाही, कारण हिनचा डावा हात लोंबतोय ते मला दिसतं.

तेव्हाही तेच दिसलं. मी किटली घेऊन सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही.

"फाँग मावशी, वेड लागलं का तुला?" सितसाहेब किंचाळला.

"लागलं," मी म्हटलं. "तो म्हातारा नट नाही. हिनचा बाप आहे. पोरगा मेला म्हणून आलाय. आणि पोराचा खांदा निखळलाय. आता ओरडा काय ओरडायचं ते."

कोलांट्या खाऊन पडलेले फाइटर एकेक करून उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. पून मास्तरने टोपी काढली. म्हातारा धापा टाकत बाकावर बसला. पांढऱ्या कपड्यातली ती धडधाकट पोरं उठलेली बघून तो ओशाळला असावा, काठी त्याने बाकाखाली सरकवली. मी त्याच्या हातात चहा दिला. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही. हिन लांब उभा राहिला होता, दर वर्षी उंबऱ्याबाहेर उभा राहायचा तसाच, लोंबणारा हात दुसऱ्या हाताने धरून. पुढे यायची त्याची छाती होईना. मोडलेलं हाड घेऊन यायचं नाही असं बाप म्हणाला होता ना.

म्हाताऱ्याने चहा बाजूला ठेवला. "इकडे ये," म्हणाला.

हिन गेला.

"बस. दात दाबून धर. ओरडलास तर बघ."

आणि त्याने पोराचा हात धरला, पाय त्याच्या बरगडीला लावला, हळूहळू ओढत नेला, आणि खट्कन आवाज आला. हिन ओरडला नाही. पून मास्तरनेच "आई गं" म्हटलं. हात जागेवर बसला होता. म्हाताऱ्याने सोडायला हवा होता, पण सोडला नाही. त्याची बोटं आपोआप पुढे सरकली. कोपरावर थांबली. मग मनगटावर थांबली, आणि तिथेच राहिली.

"हे कधीचं?"

"जुनं आहे, बाबा. पुलावरून पडलो होतो."

"वाकडं जुळलंय. कुणी बसवलं हे?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "आणि ही बरगडी? हीसुद्धा कुणी नाही? शहरातले हाडवैद्य काय संपावर गेले होते?"

हिन खाली बघत होता. त्याचं बोलणं इतकं हळू होतं, की मला वाकून ऐकावं लागलं. "तुम्ही येऊ नको म्हणालात. दुसऱ्या कुणाच्या दुकानात गेलो असतो तर त्याने विचारलं असतं, कुणाचा मुलगा. काय सांगणार होतो मी? चेंग हाडवैद्याच्या मुलाला हाड बसवायला परक्याच्या दारात जावं लागतं, हे बाहेर कळलं असतं तर तुमच्या दुकानाची पाटी खाली आली असती. म्हणून नाही गेलो. आपोआप जुळायची ती जुळली."

मी त्याला इतकी वर्षं बर्फ देत होते. तो बर्फ लावून गप्प बसायचा आणि मला वाटायचं, याला दुखतच नाही. रडूच आलं मला. सगळ्यांसमोर रडले, लाज वाटली नाही.

म्हातारा पोराचं वाकडं मनगट दोन्ही हातांत धरून बसला. अंगठ्याने त्या गाठीवर पुन्हा पुन्हा चोळत होता, जणू ती चोळून जाणारच होती. सितसाहेब हळूच माझ्यामागे येऊन कुजबुजला, उजेड जातोय, पुढचा शॉट. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो परत खुर्चीत जाऊन बसला.

"शर्ट काढ," म्हातारा म्हणाला.

हिनने शर्ट काढला. ती पाठ, जिच्यावर सगळं हाँगकाँग हसलं होतं, ती बापाने पहिल्यांदा पाहिली. खांद्यापासून सुरुवात करून तो एकेक हाड चाचपत खाली गेला. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचा, हे कधीचं, आणि हिन सांगायचा, छपरावरून, बसच्या टपावरून, घड्याळाच्या मनोऱ्यावरून. म्हातारा नुसता हूं म्हणायचा. शेवटी तो पुन्हा मनगटावर आला.

"हे असं ठेवून चालणार नाही," तो म्हणाला. "मला हे मोडावं लागेल. मोडून नीट बसवावं लागेल."

"बरं."

"दुखेल."

"बरं, बाबा."

"मी मोडायचं," म्हातारा स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. मग त्याने पोराचा शर्ट उचलला, झटकला, आधी दुखऱ्या हाताची बाही चढवली, मग दुसरी, आणि गुंड्या लावत म्हणाला, "उद्या सकाळी दुकानात ये."